मुका कडा

गारमाळच्या बसस्थानकापासून पश्चिमेला नऊ किलोमीटरवर डांबरी रस्ता संपतो. तिथून जांभळी-हिरड्यांच्या रानातून वीसेक मिनिटं चाललं की माणूस एकदम उघड्यावर येतो. पायाखाली गवताचा उतार, उताराच्या टोकाला लोखंडी कठडा, कठड्याखाली दरी, आणि दरीच्या पलीकडे अर्ध्या रांजणासारखा आत वळलेला काळाभोर कडा. गारमाळला आलेला पाहुणा पहिल्या दिवशी तळ्यात होडी फिरवतो, घोड्यावर बसतो, सूर्यास्त बघतो; दुसऱ्या दिवशी सकाळी इथे येतो. असा कडा समोर दिसला की कोणाच्याही घशात हाक येतेच. माणसं कठड्याला पोट टेकवतात, तोंडाभोवती हात धरतात आणि स्वतःचं नाहीतर बायकोचं नाव घेऊन ओरडतात.

आवाज जातो, परत येत नाही.

दुसऱ्या डोंगरात एवढा कडा एका हाकेच्या चार करून देईल. हा एकही देत नाही. भूगोलाचे मास्तर येऊन गेले, कॉलेजची मुलं यंत्रं घेऊन येऊन गेली. कोणी झाडीचं कारण सांगितलं, कोणी वाऱ्याचं, कोणी कातळातल्या भोकांचं. पण आणखी एक गोष्ट आहे, तिचं कारण यंत्रात सापडत नाही. पाहुण्याची हाक विरून दोन-तीन श्वास झाले की आसपासचं कोणीतरी तिला ओ देतं. कणीस भाजणारी बाई देते, घोडेवाला देतो, रानातून मोळी घेऊन येणारा म्हातारा देतो. पाहुणा दचकून मागे बघतो. ओ देणारं माणूस त्याच्याकडे बघतही नसतं, आपल्या कामात असतं.

मग पाहुणे विचारतात, आणि बाबूमामा ढेबे कठड्याजवळच्या कट्ट्यावर बसतात. पंचाहत्तरी ओलांडलेले बाबूमामा पन्नास वर्षं इथे लोकांना वाट दाखवतात. चालताना ते फुलांची नावं सांगतील, शिखरांची सांगतील, पण ही गोष्ट चालता चालता सांगत नाहीत. सगळे बसेपर्यंत थांबतात, डोक्यावरची लोकरीची टोपी काढून मांडीवर ठेवतात आणि मग सुरू करतात.

गारमाळ शहर तेव्हा नव्हतं. बंगले नव्हते, तळं नव्हतं, रस्ता तर नव्हताच. होती ती कोकणातून देशावर चढणारी घाटवाट. खालून मिठाचे आणि सुक्या मासळीचे बैल वर यायचे, वरून गूळ आणि धान्य खाली जायचं. ही वाट जिथे खिंडीतून माथ्यावर निघते, तिथे जवळच गवळी-धनगरांची सात घरांची वाडी होती. आणि कड्याच्या पायथ्याला, दरीत, कोळ्यांचं पायरवाडी नावाचं गाव. वर म्हशी, खाली नाचणीची शेतं.

तेव्हा या कड्याचं नावच बोलका कडा होतं, म्हणे. एक हाक मारली की तिचा शेवटचा शब्द तो परत द्यायचा, आणि तोही कातळाचा वाटू नये इतका स्वच्छ, माणसानं तोंड भरून म्हणावा तसा. उन्हाच्या दिवसांत पोरं त्याच्याशी खेळायची. पण श्रावण-भाद्रपदात धुकं उतरलं की तोच कडा माणसं खायचा. खिंडीत आलेल्या वाटसरूला एका अंगाला वाडीची वाट आणि दुसऱ्या अंगाला हा गवताचा उतार. धुक्यात हाताला हात दिसत नाही. वाट चुकलेला माणूस भ्यायचा आणि या मुलखातलं माणूस जी हाक मारतं तीच मारायचा, "कोन हाय?"

धुक्यातून उत्तर यायचं, "हाय..."

कोणीतरी आहे म्हणून त्याला धीर यायचा, आणि तो त्या आवाजाच्या दिशेनं चालू लागायचा. कठडा तेव्हा नव्हता. गवत संपायचं आणि त्याच्यापुढे काहीच नसायचं.

वाडीतल्या कोंडू झोरेची बायको भिवरा. लग्नाला चार वर्षं झालेली, अंगानं बारीक, पण गळा असा की पलीकडच्या डोंगरावरच्या म्हशी तिच्या हाकेनं माघारी वळायच्या. कोंडूचा धाकटा भाऊ जानू शेजारच्याच झोपडीत राहायचा. जानूला डावा डोळा नव्हता. जन्मापासून नव्हे. दोन वर्षांपूर्वी वाडीच्या म्हशी पायरवाडीच्या नाचणीत शिरल्या आणि सहा घरांचं उभं पीक तुडवून आल्या. कोळ्यांनी म्हशी अडवल्या, धनगर सोडवायला गेले, काठ्या निघाल्या. त्यात पायरवाडीच्या देवजीची काठी जानूच्या डोळ्यावर बसली. पायरवाडीत त्या साली सहा घरं कंदमुळांवर जगली. तेव्हापासून खालचं माणूस वर येत नव्हतं आणि वरचं खाली जात नव्हतं. वाट तेवढी दोघांच्या मधून जायची.

एका श्रावणात कोंडूच्या म्हशीची पारडी रानात राहिली. तो तिला शोधायला दुपारी धुक्यात निघाला. भिवरा झोपडीत ताक घुसळत होती. थोड्या वेळानं तिला नवऱ्याची हाक ऐकू आली, "कोन हाय?" आणि तिच्यापाठोपाठ उत्तर ऐकू आलं, "हाय..."

तिचा हात रवीच्या दोरीवर थांबला. कडा कसा बोलतो ते तिला ठाऊक होतं. पण तो आवाज इतका जवळचा, इतका माणसाचा होता की तिला वाटलं, जानू असेल सोबत. लोणी अगदी यायला आलं होतं. तिनं दोरी पुन्हा ओढली.

पारडी संध्याकाळी आपल्या पायांनी घरी आली. कोंडू आला नाही.

तिसऱ्या दिवशी वाडीच्या माणसांना तो घाटाच्या अर्ध्या चढावर एका सपाट धोंड्यावर सापडला. कोणीतरी त्याला दरीतून उचलून आणलं होतं, अंगावरचा चिखल धुतला होता आणि वर ऐनाची पानं पांघरली होती. आणणारे पायरवाडीचेच असणार. पण तिथे कोणी थांबलं नव्हतं आणि कोणी काही सांगायला आलं नाही.

भिवरा रडली नाही. आपण ती हाक ऐकली होती हे तिनं कोणाला सांगितलं नाही. दिवस घालायच्या आधीच ती कड्यासमोरच्या कडजाईच्या ठाण्यावर जाऊन बसली. कडजाई म्हणजे शेंदूर लावलेली गुडघ्याएवढी शिळा. वाडीतली माणसं अडीअडचणीला तिला कौल लावायची. ओल्या केलेल्या फुलाच्या पाकळ्या शिळेच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हे काम वाडीतल्या म्हाताऱ्या भागोजीचं. भिवरानं त्याला तेरड्याच्या पाकळ्या लावायला सांगितल्या आणि देवीला म्हणाली, "आई, ह्या कड्याची जीभ काढून घे."

पाकळ्या पडल्या नाहीत. ना उजवी, ना डावी. दुसऱ्या दिवशीही नाहीत. पाच दिवस त्या शिळेवरच सुकल्या. सहाव्या दिवशी भागोजी तिच्याशेजारी बसला.

"पोरी," तो म्हणाला, "तू नुसतं घे घे म्हनतीस. कडा खोटं का हुईना, पन बोलतो. त्याची जीभ गेली आन् उद्या धुक्यात कुनी हाक मारली, तर त्याला उत्तर द्यायचं कुनी? हाक रिकामी गेली की मानूस कड्यावरनं पडायच्या आधीच मरतं."

भिवरानं सुकलेल्या पाकळ्या शिळेवरून काढल्या. मग तिनं नव्या पाकळ्या आपल्या हातानं ओल्या केल्या आणि शिळेला लावल्या.

"कड्याची बोली तू घे," ती म्हणाली. "त्याच्या जागी ओ मी देईन. घशात वारा हाय तवर एक बी हाक रिकामी जाऊ देनार न्हाई. गेली, तर कड्याला त्याची जीभ माघारी दे, आन् पहिली मला बोलाव."

उजवी पाकळी पडली. वारा नव्हता, असं सांगतात.

ती उठून उताराच्या टोकाशी गेली आणि सगळा जीव गळ्यात आणून तिनं कोंडूच्या नावानं हाक मारली. समोरचा कातळ गप्प होता. तिनं पुन्हा हाक मारली. गप्पच. मागितलं ते मिळालं होतं. आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की नवऱ्याचं नाव परत ऐकू येईल अशी एवढी एकच जागा जगात होती, ती आपण आपल्या तोंडानं मागून बंद केली. तिथेच गवतात बसून ती रडली. तो गेल्यापासून पहिल्यांदाच रडली.

मग ती कामाला लागली. जानूनं तिला खिंडीच्या तोंडाशी कारवीच्या कुडाची खोपी बांधून दिली. दोन म्हशी घेऊन ती तिथे राहायला गेली. धुक्यात हाक आली की ती ओ द्यायची, हातात काठी घ्यायची आणि निघायची. पहिल्याच पावसाळ्यात तिला कळलं की नुसती ओ देऊन भागत नाही. घाबरलेलं माणूस ओ ऐकली की धावत सुटतं. म्हणून ती ओ देऊन झाली की बोलतच राहायची. "हाय तितंच ऱ्हा. पायाखालचं गवत चाचपून बघ. लव्हाळी लागली तर मागं सर. मी येतीय. बोलत ऱ्हा, म्हंजी मला कळंल." उताराच्या टोकाला लव्हाळीचा पट्टा होता, पायाला लव्हाळी लागली म्हणजे दरी चार हातांवर. मग ती काठीचं दुसरं टोक त्याच्या हातात द्यायची आणि त्याला खोपीत शेकोटीपाशी आणून बसवायची. कुठला, कोण, हे ती शेकोटीपाशी आल्यावर विचारायची. मिठाचे बैलवाले, सासरी निघालेल्या पोरी, वाट चुकलेला एक बैरागी, असे किती आले त्याची मोजदाद तिनं ठेवली नाही.

दिवेलागणीला ती हाक आली नसली तरी एक ओ द्यायची. वाटेत कोणी असेल आणि हाक मारायला लाजत असेल, तर त्याला कळावं म्हणून. ती ओ दरीत पायरवाडीपर्यंत उतरायची. खालच्या बायका ती ऐकून दिवा लावायच्या, पण हे वर कोणाला माहीत नव्हतं.

या सगळ्यात भिवराचं स्वतःचं जे गेलं, ते ती बोलून दाखवत नव्हती. तिचं माहेर दोन दऱ्यांपलीकडे होतं. दरसाल दिवाळीला भाऊ न्यायला यायचा आणि दरसाल तिच्या हातचं घट्ट दही खाऊन एकटाच परत जायचा. एका पावसाळ्यात तिची आई अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला. खिंडीत आठ दिवसांचं धुकं होतं. भिवरा गेली नाही. आई गेल्याचं तिला धुकं निवळल्यावर कळलं. त्या दिवशी तिनं म्हशींना पाणी पाजलं आणि दिवेलागणीची ओ नेहमीच्या वेळी दिली. वाडीच्या बायका म्हणायच्या, हिचं काळीज पण कातळाचं झालं. अशी अकरा वर्षं गेली.

बाराव्या भाद्रपदात तिला ताप भरला. घसा इतका सुजला की पाणी उतरेना. पहिल्या दिवशी घोगरा का होईना, आवाज निघत होता, पण दरीत उतरत नव्हता. दुसऱ्या दिवशी तोही बंद झाला. तोंड उघडलं की नुसता वारा. जानू दिवसभर तिच्या खोपीत असायचा, पेज शिजवायचा, म्हशी बघायचा. तो स्वभावानं अबोल. डोळा गेल्यापासून आणखीच झाला होता. हाक आली तर काय, हे भिवराला विचारायचं होतं, पण विचारणार कशानं? आणि हाक आली नाही. धुकं इतकं दाट होतं की बैलवाल्यांनी घाट चढायचंच सोडलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी हाक आली. "कोन हाय?"

उताराच्या बाजूनं आली होती. भिवरा कोपरावर उठली. तिनं तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या, आणि काहीच निघालं नाही. तिनं जानूकडे पाहिलं. चुलीत लाकूड सरकवणारा त्याचा हात थांबला होता. तो चेहरा पाहून तिला कळलं की जानू ओ देणार नाही.

"देवजी हाय त्यो," जानू म्हणाला. "ह्यो आवाज मी मेल्यावर बी वळखंन."

तिनं त्याच्या घोंगडीचं टोक धरून ओढलं. अकरा वर्षांत तिनं दिराकडे काही मागितलं नव्हतं.

"वैनी, नवस तुझा हाय," तो म्हणाला. "माझा न्हाई."

दुसरी हाक आली. या खेपेला ती जास्त वरच्या पट्टीत होती. "कोन हाय?" आणि ती विरता विरता दरीच्या पलीकडून, झोपेतल्या म्हाताऱ्यानं घसा खाकरावा तसा एक आवाज निघाला. "हा..." अर्धाच. पण तो दोघांनीही ऐकला. अकरा वर्षं मुका असलेला कातळ तोंड उघडत होता.

भिवरा अंथरुणातून सरपटत पुढे आली. तिनं जानूचा हात धरला आणि आपल्या गळ्यावर ठेवला. ओ देण्यासाठी गळा वर-खाली होत होता, शिरा उडत होत्या, आणि आवाज नव्हता. जानूनं हात काढून घ्यायचा प्रयत्न केला. तिनं सोडला नाही. मग तिनं ओठांनी एक नाव घेतलं.

"दादा?" जानू म्हणाला. "दादाचं काय?"

तिनं आपल्या कानाला हात लावला. मग दोन्ही हातांनी रवीची दोरी ओढल्यासारखं करून दाखवलं, एकदा, दोनदा, आणि हात मांडीवर टाकून दिले.

जानू तिच्याकडे बघत राहिला. "तू ऐकली व्हतीस," तो हळूच म्हणाला. "दादाची हाक."

तिनं मान हलवली. बारा पावसाळे पोटात ठेवलेली गोष्ट तिनं अशी, गळा नसताना, पहिल्यांदा सांगितली. तो आपल्याला आता काय म्हणेल, खोपीतून निघून जाईल का, वाडीत सांगेल का, याची भीती तिला वाटायला हवी होती. ती वाटली नाही. तिचे कान बाहेर लागले होते.

जानू उठला. कोपऱ्यातली तिची काठी त्यानं घेतली आणि तो दार ढकलून धुक्यात गेला.

"ओऽऽ," त्याचा आवाज आला. "हाय तितंच ऱ्हा. पाऊल उचलू नगंस."

"कोन त्यो?" देवजीनं विचारलं.

"जानू झोरे."

त्यानंतर काहीच ऐकू येईना. भिवरा दारापाशी भिंतीला टेकून बसली होती. ज्याचा डोळा आपण फोडला, त्याच्या शब्दावर धुक्यात पाऊल कोण टाकील? तो उलट दिशेला वळला तर? तिला ओरडून सांगायचं होतं की ऐक त्याचं, आणि नुसता वारा तिच्या ओठांवरून जात होता.

मग जानूच बोलला. त्याचा आवाज बदलला होता. तो तिच्यासारखं बोलत होता, तेच शब्द, त्याच क्रमानं, अकरा वर्षं शेजारून ऐकलेले. "पायाखालचं गवत चाचपून बघ. लव्हाळी लागतीया का?"

बऱ्याच वेळानं देवजी म्हणाला, "लागतीया."

"तर मग मागं सर. एक पाऊल. आता आनखी येक. बोलत ऱ्हा."

"काय बोलू?"

"काय बी बोल. कशाला आलास त्ये सांग."

आणि देवजी बोलू लागला. धुक्यातून तुटक तुटक त्याचं बोलणं भिवराच्या कानावर येत होतं. दोन दिवस दिवेलागणीची ओ आली नाही, तो सांगत होता. पायरवाडीच्या बायका दिवा हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि ओ काही आली नाही. बायकांनी घरात सांगितलं, वर जाऊन बघून या, ती बाई बरी न्हाई. पण धनगरांच्या वाडीकडे जायला तरणं कोणी तयार होईना. "म्हनलं, माझंच जायचं काम हाय," देवजी म्हणाला. "मध आनलाय. आन् अडुळसा."

ते काठीची दोन टोकं धरून खोपीत आले. देवजी साठीचा होता, नखशिखान्त भिजलेला, आणि कमरेला बांधलेला मधाचा बुधला त्यानं एका हातानं अजून दाबून धरला होता. शेकोटीपाशी बसल्यावर त्यानं पहिल्यांदा जानूच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि मान खाली घातली.

"त्या दिशी काठी म्हशीवर उगारली व्हती," तो म्हणाला.

"म्हशीला बसली असती तर बरं झालं असतं," जानू म्हणाला. त्यानं मडक्यातली पेज परातीत ओतली आणि देवजीपुढे सरकवली. "दादाला उचलून आननाऱ्यांत तू व्हतास का?"

"चौघं व्हतो," देवजी म्हणाला. "निम्म्या चढावर ठिवला. म्होरं यायचा धीर झाला न्हाई."

त्या दिवशी देवजी परत जाईपर्यंत शेकोटीवरचं दुसरं भांडं भिवरासाठी मध-अडुळशाचा काढा उकळत होतं, आणि ते दोघांनी आळीपाळीनं ढवळलं, असं सांगतात.

भिवरा पंधरा-वीस दिवसांत उठून हिंडायला लागली. पण तिचा आवाज परतला तो पातळ, खोपीबाहेर न जाणारा. ती गळ्यावर हात ठेवून देवीसमोर बसली. तिला वाटत होतं, नवस मोडला. आता कडा बोलणार आणि आई मला बोलावणार. भागोजी तोवर वारला होता. जानूनं कौल लावू दिला नाही.

"कशाला इचारायचं?" तो म्हणाला. "देवीला ओ हवी व्हती. कुनाची त्ये तिनं कुटं सांगितलंय? मी ओ दिली आन् कडा गप झाला, का न्हाई?"

भिवरानं समोर पाहिलं. कडा खरोखरच गप्प होता.

त्या सालापासून वाडीची आणि पायरवाडीची माणसं आळीपाळीनं खिंडीत राहू लागली. पुढे पुढे पाळीही उरली नाही. जो जवळ असेल त्यानं ओ द्यायची, एवढंच राहिलं. कामाच्या माणसानं काम सोडून द्यायची, भांडणाऱ्या माणसानं भांडण थांबवून द्यायची. म्हशी आणि नाचणीची भांडणं नंतरही झाली, कशी होणार नाहीत? पण वाट चालू राहिली.

दिवाळीला भिवराचा भाऊ आला. या खेपेला तिनं आधीच बोचकं बांधून ठेवलं होतं. जानूनं तिला खिंडीच्या पलीकडच्या उतारापर्यंत सोडलं आणि तो परत फिरला. पहिली दरी उतरून दुसऱ्या डोंगराच्या चढाला लागेपर्यंत दिवेलागण झाली. तेव्हा तिला मागून, लांबून, ती ओ ऐकू आली. आधी जानूची. मग आणखी खालून कोणा बाईची. भिवरा वाटेत थांबली. दुसऱ्या कोणी दिलेली ओ तिनं आयुष्यात एवढ्या लांबून कधी ऐकली नव्हती. ती धावत सुटावं अशी नव्हती. नुसती आहे, एवढं सांगणारी होती. भावानं विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही, चल. आणि ती बारा वर्षांनी माहेरी गेली, एक महिना राहिली.

ती पिकून म्हातारी होऊन गेली. तिची समाधी नाही, दगड नाही. कडजाईची शिळा कठड्याच्या डाव्या अंगाला आहे, तिच्यावर कोणी ना कोणी रानफुलं वाहतं.

बाबूमामा इथवर येतात आणि टोपी डोक्यावर घालतात. यातलं किती खरं आणि किती लोकांनी जोडलं, ते आपल्याला ठाऊक नाही, असं ते पाहुण्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकतात. आपल्या आजानं सांगितलं तसं आपण सांगितलं.

शहर वाढलं. घाटवाट मोडली, तिच्यावर आता ट्रेकिंगवाली मुलं चढतात. पण आजही गारमाळला कड्यावर दुकान लावणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी शेजारचा दुकानदार सांगतो, इथे हाक आली की आधी ओ, मग गिऱ्हाईक. कणसंवाल्या हौसाबाई हातातला पंखा खाली ठेवून ओ देतात. वनखात्याचा रखवालदार देतो. घोडेवाल्यांची पोरं-पोरी बोलायला शिकतात तेव्हाच हे शिकतात. आणि जे पाहुणे गोष्ट ऐकून बसलेले असतात, तेही त्या दिवसापुरते देतात.

गेल्या भाद्रपदात एक निवृत्त पोस्टमास्तर बायकोबरोबर इथे आले होते. भजी घ्यायला ते दुकानाकडे वळले तेवढ्यात धुकं उतरलं, आणि परत येताना त्यांना कठडा दिसेना, कट्टा दिसेना, बायको दिसेना. त्यांनी हाक मारली, "शालिनी?" कडा नेहमीसारखा गप्प राहिला. पण धुक्यातून एकाच वेळी आठ-दहा ठिकाणांहून ओ आली, बायांची, बाप्यांची, दुकानांतून, झाडांखालून, घोड्यांच्या खुंटांपासून, आणि मग सगळीकडून एकच सांगणं, हाय तितंच राहा, आलो. त्यात शालिनीबाईंची ओ कोणती, ते पोस्टमास्तरांना ओळखता आलं नाही. ते भज्यांचा पुडा छातीशी धरून जागच्या जागी उभे राहिले, आणि चारी बाजूंनी माणसं त्यांच्याकडे चालत येताना त्यांना ऐकू येऊ लागली.